पात्याखालची पट्टी

दोन हजार एक्केचाळीस साली मिरजेत कुणी "दुखतंय" म्हटलं, की समोरचा आधी विचारायचा, "किती?" आणि उत्तर आकड्यात द्यावं लागायचं, तेही दशांशासकट. वेदनांक नावाची ही भानगड गावात येऊन पाच वर्षं झाली होती. मनगटात एक पातळ कडं घालायचं. ते नाडी मोजतं, कातडीवरचा घाम मोजतं, श्वास कुठं अडकतो ते टिपतं आणि शून्य ते दहामधला एक आकडा दाखवतं. सासूबाईंचे गुडघे पाच पूर्णांक दोन आणि सूनबाईंची कंबर दोन पूर्णांक नऊ, म्हणजे चहा सूनबाईंनी टाकायचा, असे घरोघरचे निवाडे कड्यावर व्हायला लागले होते. रजा कड्यावर, गोळी कड्यावर, ऑपरेशनची मंजुरीसुद्धा कड्यावर. थट्टा बाजूला ठेवू, कारण त्या कड्यानं पुण्याची कामंही भरपूर केली होती. तान्ही पोरं, वाचा गेलेले म्हातारे, बेशुद्धीत पडलेली माणसं यांचं दुखणं आजवर कुणाला कळत नव्हतं. ते आता कळायला लागलं होतं.

तस्लीम हे आकडे वाचायचं काम करायची. पंढरपूर रस्त्यावरच्या एका मोठ्या इस्पितळात ती वेदनांक-तपासनीस होती. वय छत्तीस, बोलायला फटकळ, कामात चोख. रोज चाळीस-पन्नास रुग्णांच्या आकड्यांचे आलेख तिच्यासमोर यायचे आणि कुणाला औषध वाढवायचं, कुणाला नुसता धीर द्यायचा, हे ती सांगायची. डॉक्टरही तिचं ऐकायचे. 'माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही' हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि नव्या मुलींना ते पहिल्याच दिवशी ऐकावं लागायचं.

तिचे अब्बा दस्तगीर शिकलगार म्हणजे सतारमेकर गल्लीतलं मानाचं नाव. पूर्वज तलवारींना धार लावायचे. तलवारी गेल्या, मग घराणं सतारींकडं वळलं. सतारी आता यंत्रावरही होत होत्या, पण जवारी काढायला मात्र दूरदूरचे वादक दस्तगीर चाचांकडंच यायचे. जवारी म्हणजे काय? सतारीच्या तारा हाडाच्या एका घोडीवरून जातात. घोडीचा माथा बघायला सपाट, पण खरं तर एका बाजूला जरासा उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत घासत सुटते आणि त्या घासण्यातूनच सतारीची गुंज निघते. उतार केसभर चुकला की तार एक तर मुकी होते, नाही तर पत्र्यासारखी वाजते. हा उतार कानशीनं घासून आणायचा, एवढंच काम. दिसायला एवढंसं, पण यंत्रांनी पाच-सात वर्षं डोकं आपटूनही ते जमवलेलं नव्हतं.

घरात दोघंच. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तस्लीमचा नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा यायचा. बाप-लेकीचं आपसात बोलणं घरच्या दखनीत चालायचं. इथं आपण ते मराठीत ऐकू.

मार्च महिन्यात चाचा माळ्यावर वाळत घातलेले सतारीचे भोपळे काढायला चढले आणि शिडीची पायरी मोडली. खाली सागवानाचा ओंडका होता. त्यावर ते पाठीवर पडले आणि उजव्या बाजूच्या चौथीपासून सातवीपर्यंतच्या चार फासळ्या मागच्या अंगाला मोडल्या.

पूर्वी फासळ्या मोडल्या की डॉक्टर पट्टा बांधायचे आणि खोकताना उशी धरा म्हणायचे. हात मोडला तर गळ्यात बांधून स्वस्थ ठेवता येतो. फासळीला स्वस्थ कसं ठेवणार? माणूस दिवसाला वीस हजार वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला ती हलते. म्हणून आता फासळ्यांवरही धातूच्या पट्ट्या बसवायचे. या कामात डॉक्टर ऊर्मिला कानडे यांचं नाव मोठं होतं. त्यांचं यंत्र रुग्णाचा स्कॅन घ्यायचं, त्याच्याच फासळ्यांच्या वळणाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या पट्ट्या तासाभरात घडवायचं, आणि कानडे मॅडम त्या चार बोटं रुंदीच्या छेदातून, एकही स्नायू न कापता, खांद्याच्या पात्याखाली सरकवून बसवायच्या. पट्टी मुकी नसायची. किती भार आपण उचलतोय आणि किती हाड उचलतंय, हे ती रोज कळवायची. हाड जुळत जातं तसा पट्टीवरचा भार उतरत जातो.

चाचा चौथ्या दिवशी चालत घरी आले. गल्लीतले लोक बघायला जमले तेव्हा तस्लीमची मान ताठ झाली होती. आपल्या इस्पितळानं आपल्या बापाला उभं केलं, याचा अभिमान तिला वाटला आणि तो वाटण्याजोगाच होता.

दोन महिन्यांनी चाचा कामाला बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले की पाठीच्या उजव्या पात्याखाली काहीतरी अडतंय. अंघोळीला नाही, जेवताना नाही, कुशीवर झोपतानाही फारसं नाही. कानस पुढं ढकलली की मात्र कुणी आतून सुरी फिरवल्यासारखं होतं. तस्लीमनं त्यांना इस्पितळात नेलं. स्कॅन झाला. पट्ट्या जागच्या जागी, स्क्रू घट्ट. वेदनांक शून्य पूर्णांक सहा. चार आठवडे व्यायाम करा, असं ठरलेलं उत्तर मिळालं.

चाचांनी व्यायाम केला. दुखणं तसंच. तस्लीमनं त्यांना कामाच्या वेळीही कडं घालून ठेवायला सांगितलं आणि रोजचे आकडे पाहिले. कानस हातात असताना आकडा चक्क शून्य होता. जून महिन्यात चौथ्यांदा त्यांनी तीच तक्रार केली, तेव्हा तिला राहवलं नाही. दिवसभर बाहेरचे लोक खोट्या कण्हण्यानं जीव खातात आणि घरी आल्यावर बापाचंही तेच, असं तिच्या मनात आलं.

"अब्बा, आकडा शून्य आहे," ती म्हणाली. "दुखत नाहीय तुम्हाला. पडल्याची भीती बसलीय मनात, दुसरं काही नाही."

चाचांनी तिच्याकडं बघितलं. "असेल," म्हणाले, आणि ताट उचलून आत गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी दुखण्याचा शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर तस्लीमला तेव्हा बरंच वाटलं.

पण चाचांचं काम आटत चाललं. आधी डोळे थकतात म्हणाले, मग हवा दमट आहे, हाड नीट घासलं जात नाही म्हणाले. धारवाडच्या शैलजाबाई नाडगीर वीस वर्षं त्यांच्याकडून जवारी काढून न्यायच्या. त्यांची सतार महिनाभर कोपऱ्यात उभी होती. एके रविवारी सकाळी तस्लीमनं पाहिलं, तर चाचा त्या सतारीला कापडात गुंडाळत होते. काम न करताच परत पाठवणार होते. आणि सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, की यापुढं सतार दुसऱ्या कुणाकडं द्यावी, माझ्या हातात आता ते राहिलं नाही.

शिकलगारांच्या घरातून वाजतं न होता एकही वाद्य आजवर परत गेलं नव्हतं. तस्लीमला बापाचा राग आला, कीव आली, आणि तिनं ती सतार त्यांच्या हातून काढून घेतली. मी करते, म्हणाली. एकोणीस वर्षांची होईपर्यंत तीही कानस घेऊन बसायचीच. मग तंत्रज्ञानाच्या पदविकेला गेली आणि कानस सुटली. चाचा बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तिनं बैठक मारली, सतार मांडीवर आडवी घेतली, कानस धरली. हात विसरला नव्हता. कानस पुढं जाताना श्वास घ्यायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. श्वासानं हात हलतो, आणि श्वासाचाच आवाज कानात भरला की कानशीचा ऐकू येत नाही. शिकलगारांच्या घरात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. पोरं बघून शिकतात. कानस हातात आली की छाती थांबते, नाडी मंदावते, माणूस असून नसल्यासारखा होतो. गल्लीत त्यावरून थट्टाही चालायची, की शिकलगार कामाला बसला की आधी नाकाला सूत लावून बघावं.

दहाएक मिनिटं गेली असतील. कानस निसटली आणि तिच्या डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात चांगली खोल रुतली. तिनं दात आवळले. रक्ताची धार लागली. नोकरीमुळं तिच्याही मनगटात कडं असायचं आणि सवयीनं तिची नजर तिथं गेली. आकडा होता शून्य पूर्णांक दोन.

ती बघतच राहिली. दोन-तीन श्वास झाले, मग आकडा हळूहळू चढला आणि पाचावर जाऊन थांबला.

जखमेला फडकं बांधून तिनं दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणला आणि कानाच्या पाळीला लावला. साधं बसून आकडा आला तीन पूर्णांक चार. मग कानस हातात घेतली, घोडीवर टेकवली, श्वास धरला आणि तोच चिमटा त्याच जागी लावला. शून्य पूर्णांक तीन. कान तितकाच दुखत होता. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. कड्यानं दुखणं शिकलं होतं ते दोन लाख रुग्णांकडून. दुखलं की त्यांचा श्वास अडखळायचा, नाडी धावायची. नुसता घाम आला, तर कडं तो उकाड्याचा धरायचं. दुखताना श्वास आणि नाडी मुठीत धरून बसणारा माणूस त्या दोन लाखांत कुणी नव्हता.

मग तिनं अब्बांचे सगळे आकडे काढले. रोज सकाळी अकराला चाचा कामाला बसायचे आणि रोज अकराला आलेखातली रेघ खाली जाऊन सपाट व्हायची. निव्वळ शून्य. गाढ झोपलेल्या माणसाचाही वेदनांक असा सपाट शून्य नसतो, हे तिनं स्वतः नव्या मुलींना शिकवलेलं होतं. आपल्या बापाच्या बाबतीत तीच ते विसरली. सुरुवातीला सपाट रेघ चाळीस मिनिटांची होती. मग वीस. मग अकरा. शेवटच्या दिवशी चार मिनिटांची, आणि त्यापुढं काहीच नाही. जेवढा वेळ माणूस ते सोसू शकला तेवढी ती रेघ होती, आणि ती बघून तस्लीम त्याला म्हणाली होती की तुम्हाला दुखत नाहीय.

ती ओट्यावर गेली आणि बापाच्या पायाशी बसली. रडतच म्हणाली, "अब्बा, मी चुकले. तुम्हाला दुखतंय."

चाचांनी आधी तिच्या हाताचं फडकं सोडून नीट बांधलं. मग म्हणाले, "तू एवढी शिकलेली. तू म्हणालीस नाही, तर मला वाटलं माझंच डोकं फिरलं. रोज मी स्वतःला सांगायचो, दस्तगीर, दुखत नाहीय तुला."

हे मात्र तिला जन्मभर पुरेल असं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कानडे मॅडमच्या खोलीत उभी राहिली. मॅडम तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या ऑपरेशनमध्ये खोट आहे आणि कड्यातही खोट आहे, असं एका दमात सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. तस्लीमनं आलेख मांडले, चिमट्याची हकिकत सांगितली. मॅडमनी तस्लीमचं कडं घालून स्वतःच्या कानाला चिमटा लावून पाहिला, पण त्यांना काही श्वास तसा धरता येईना. पंधरा मिनिटं त्या आलेख पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या. मग दुपारची बाह्यरुग्ण तपासणी सहकाऱ्याकडं सोपवून त्या तस्लीमच्या स्कूटरवर मागं बसल्या आणि थेट सतारमेकर गल्लीत आल्या.

त्यांनी चाचांना सदरा काढून नेहमीसारखं बसायला सांगितलं आणि त्यांच्या पाठीवर, उजव्या पात्यावर, आपला तळवा ठेवला. "काम करा चाचा," म्हणाल्या. चाचांनी कानस पुढं ढकलली. मॅडमनी डोळे मिटले. कानस तीनदा, चारदा, दहादा पुढं गेली. चाचांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण मानेवरून घामाचा ओघळ खाली आला. मॅडमनी त्यांचा हात धरून कानस खाली ठेवायला लावली.

मग त्यांनी बाप-लेकीला समजावून सांगितलं. खांद्याचं पातं फासळ्यांना कुठंच जोडलेलं नसतं. ते स्नायूंच्या गादीवर तरंगत असतं आणि हात हलेल तसं फासळ्यांवरून सरकतं. स्कॅन घेताना माणूस उताणा पडलेला असतो, पातं एका जागी स्वस्थ. त्याच अवस्थेवर यंत्रानं पट्ट्यांचा बेत केला. चाचा वाकून बसतात, हात सबंध पुढं नेतात, तेव्हा पात्याची कड चौथ्या आणि पाचव्या फासळीवरच्या पट्टीच्या टोकावर चढते आणि पलीकडं टकदिशी उतरते. दिवसात हजार वेळा. पट्टीतल्या संवेदकाला हे कळणं शक्य नव्हतं, कारण त्याला फक्त आपल्या खालच्या हाडाची खबर. वरून कोण तुडवत जातंय ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"चूक माझी आहे," कानडे मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला झोपलेलं बघितलं. कामाला बसलेलं बघायला हवं होतं."

इतक्या मोठ्या डॉक्टरनं घरातल्या कारखान्याच्या जमिनीवर भुसकटात बसून हे म्हणावं, याचं चाचांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी चहा मागवला.

आता करायचं काय? चारपैकी तीन फासळ्या जुळल्या होत्या, त्यांच्यावरच्या पट्ट्या काढून टाकता येत होत्या. पाचव्या क्रमांकाची फासळी मात्र अजून कच्ची होती. तिची पट्टी काढली तर ती दर श्वासाला हलणार. म्हणजे तिथं नवी पट्टी हवीच. आणि त्याच वाटेनं पुन्हा आत जायचं तर धोका होता. पात्याला छातीशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची एक बारीक नस तिथून जाते. तिला धक्का लागला तर पातं पाठीतून बाहेर येतं आणि हात खांद्याच्या वर जात नाही. मॅडमनी काहीच लपवलं नाही. पाहिजे तर असंच राहता येईल, काम तेवढं सोडावं लागेल, हेही सांगितलं.

चाचांनी कप खाली ठेवला. "काम सोडलं तर हात असून काय उपयोग," म्हणाले. "करा."

इस्पितळाच्या नियमात हे बसत नव्हतं. वेदनांक चारच्या खाली असेल तर दुसरं ऑपरेशन मंजूर होत नसे. तस्लीमनं लेखी दिलं की वाचन माझं चुकलं, कारण हे. व्यवस्थापकांनी मॅडमना बोलावून विचारलं, आकडा शून्य असताना सही कशी करता? मॅडमनी उत्तर दिलं, "आकडा चुकला असेल तर आकडा दुरुस्त करा. माणूस दुरुस्त करायला मी आहे." आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. ही गोष्ट इस्पितळात दुपारपर्यंत झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत झाली होती.

यंत्रानं नव्या पट्टीचा बेत काढला. यावेळी आणखी पातळ, एक पूर्णांक एक मिलिमीटर. मॅडमनी चाचांच्या फासळ्यांची आणि पात्याची राळेची प्रतिकृती करून घेतली, तिच्यावर ती पट्टी बसवली आणि सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. चाचांनी डोळे मिटून ते राळेचं पातं फासळ्यांवरून सरकवलं. तीन वेळा सरकवून थांबले. म्हणाले, पुन्हा दुखेल. मॅडमनी मोजमाप दाखवलं. कड गुळगुळीत होती, उंची कधी नव्हती इतकी कमी. चाचांनी मान हलवली.

"मॅडम, उंचीचं काही नाही," ते म्हणाले. "उंच असलं तरी चालतं. एकदम सोडता कामा नये. तुमची पट्टी पातळ आहे म्हणून तिची कड उभी आहे. पातं तिथं येतं आणि एकदम सुटतं. तार अशी सुटली तर ओरडते, माणूसही ओरडणारच."

मग त्यांनी तस्लीमकडं हात केला. त्यांचा स्वतःचा हात त्या कामाचा राहिला नव्हता. तस्लीमनं कानस घेतली. यंत्राकडून दोन मिलिमीटर जाडीची राळेची पट्टी काढून घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना लांब, ओसरता उतार घासायला सुरुवात केली. चाचा शेजारी बसून दर दहा घासांनी पातं फिरवायचे आणि एका शब्दात सांगायचे. अजून. बास. इकडं. हे खूप झालं, नवीन घे. दोन पट्ट्या वाया गेल्या. कानडे मॅडम स्टुलावर बसून चार तास बघत होत्या, आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की तस्लीमच्या श्वासाबरोबर आपणही श्वास धरतोय.

संध्याकाळी त्यांनी ती घासलेली पट्टी यंत्राला दाखवली. यंत्रानं लाल अक्षरांत हरकत घेतली, जाडी मर्यादेबाहेर. मॅडमनी ती बाजूला सारली, चाचांच्या हाताची कानस ढकलतानाची हालचाल यंत्रात भरली आणि पुन्हा हिशेब करायला लावलं. पात्याच्या कडेवर येणारा दाब एक षष्ठांशावर आला होता. मॅडमनी हिशेब पुन्हा एकदा करून पाहिला. पंधरा वर्षं मी उंचीच कमी करत बसले, असं त्या पुटपुटल्या. मग उठल्या आणि चाचांना वाकून नमस्कार केला. बापाला कुणी असा नमस्कार केलेला तस्लीमनं पूर्वी वादकांकडून पाहिला होता, डॉक्टरकडून पहिल्यांदा पाहिला.

ऑपरेशन तीन तास चाललं. नस सांभाळली गेली. तीन पट्ट्या निघाल्या, एक नवी बसली. शुद्धीवर आल्यावर चाचांनी बसल्या बसल्या हात डोक्यावर नेऊन दाखवला, तेव्हा परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. पण सगळ्यांनाच ठाऊक होतं की खरी परीक्षा ती नव्हे.

सात आठवडे मॅडमनी कानस धरू दिली नाही. आठव्या आठवड्यातल्या सोमवारी परवानगी मिळाली, एका अटीवर. कडं हातात राहील आणि आकडे थेट इस्पितळात मॅडमच्या समोर दिसत राहतील. कड्यावर त्यांचा पहिल्यासारखा भरवसा नव्हता, पण नव्या पट्टीची ही पहिलीच खेप होती आणि कुठूनही काही खूण मिळाली तर त्यांना हवी होती.

शैलजाबाईंची सतार चाचांनी मांडीवर घेतली. तस्लीम समोर बसली. कानस पुढं गेली, मागं आली. कड्यावर शून्य. त्या शून्याचा काहीच अर्थ नाही हे आता दोघांना माहीत होतं, म्हणून ती आकड्याकडं न बघता अब्बांच्या मानेकडं बघत होती. मान कोरडी होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. चाचा मध्ये मध्ये तार छेडायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. पाऊण तासानं त्यांनी कानस खाली ठेवली, घोडी पुसली, तार चढवली आणि नखानं हलकेच छेडली.

तार बोलली. लांबवर, भरून, कुठंही न तुटता. कारखान्यातले भोपळेसुद्धा घुमले.

चाचांच्या छातीत श्वास अडकला. त्यांनी पुन्हा तार छेडली आणि मान खाली घातली. तस्लीमचा फोन वाजला, तेव्हा तिनं पहिल्यांदा कड्याकडं पाहिलं. सहा पूर्णांक आठ. आणि चढतच होता.

फोनवर कानडे मॅडम होत्या, आवाज घाबराघुबरा. आकडा सातावर चाललाय, हात खाली ठेवायला सांग त्यांना, मी गाडी पाठवते, असं त्या भराभर सांगत होत्या. तस्लीमनं अब्बांकडं पाहिलं. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास तुटत होता. कड्याला ठाऊक असलेली दुखण्याची एकूण एक खूण तिथं हजर होती.

तिनं फोन बाजूला धरला आणि विचारलं, "अब्बा, दुखतंय?"

"नाही," चाचा म्हणाले. "नाही गं. अजिबात दुखत नाहीय."

तिनं फोन कानाला लावला. "मॅडम, अब्बा म्हणतात दुखत नाहीय."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "मग नाही दुखत." आणि पुढं म्हणाल्या, "दहा मिनिटांनी मला ऑपरेशनला जायचंय. तेवढ्यात फोन जरा तारेजवळ धरतेस का?"

तस्लीमनं फोन तारेजवळ धरला आणि चाचांनी पुन्हा तार छेडली.